१ नोव्हेंबरची रेघ

१४ मार्च २०२३ रोजी महाराष्ट्रातील सरकारी व निमसरकारी कर्मचारी आणि शिक्षक ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा देत बेमुदत संपावर गेले आणि सातव्या दिवशी, २० मार्चला, निवृत्त सनदी अधिकाऱ्यांच्या समितीवर भरवसा ठेवून कामावर परतले. संप मोठा होता, लाखांचा होता, आणि त्यात तरुण कर्मचारी हिरिरीने उतरले होते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्याच्या पहिल्याच दिवशी अत्यावश्यक सेवा परिरक्षणाचे विधेयक विधिमंडळात चर्चेविना संमत झाले. त्याहून बोलकी गोष्ट रस्त्यावर घडली. काही ठिकाणी सुशिक्षित बेकारांनी मोर्चे काढून, निम्म्या पगारावर ही कामे करावयास आम्ही तयार आहोत, असे सरकारला कळविले. ज्या संपाविरुद्ध बेकार माणूस मोर्चा काढतो, त्या संपाची स्थिती समितीचा अहवाल येण्यापूर्वीच समजून चुकते.

या सात दिवसांशेजारी ५४ दिवस ठेवून पाहावेत. डिसेंबर १९७७ मध्ये राज्य सरकारी कर्मचारी र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली केंद्राप्रमाणे महागाई भत्ता मिळावा म्हणून संपावर गेले, ते ५४ दिवस हटले नाहीत. संप मिटला तेव्हा पदरात फारसे काही नव्हते. परंतु १९७८ च्या राजकीय उलथापालथीनंतर केंद्राच्या दराने भत्ता देण्याचे तत्त्व राज्याला स्वीकारावे लागले. त्याआधी १९७४ च्या मे महिन्यातील रेल्वे संपही असाच मोडला गेला होता. जॉर्ज फर्नांडिस यांच्यासह हजारो लोक तुरुंगात गेले, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. पुढे जनता सरकार आले, मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि बडतर्फ झालेले कामगार पुन्हा कामावर घेतले गेले. त्या काळी मोडलेला संपही राजकारणात जिवंत राहत असे. मतपेटीपर्यंत, पक्षांच्या जाहीरनाम्यांपर्यंत आणि मंत्र्यांच्या सदसद्विवेकापर्यंत त्याचा पल्ला पोहोचत असे. तो पल्ला आज का पोहोचत नाही, हा प्रश्न आहे.

जागतिकीकरण, खासगीकरण, पुढाऱ्यांचे वार्धक्य ही नेहमीची उत्तरे आहेत आणि ती सर्वस्वी चुकीचीही नाहीत. तथापि सरकारी नोकरांच्या संघटना खासगीकरणाने खिळखिळ्या झाल्या म्हणावे, तर तलाठ्याचे वा शिक्षकाचे काम काही परदेशी कंपनीकडे गेलेले नाही. त्यांचे बळ एका तारखेने हिरावले. ती तारीख १ नोव्हेंबर २००५.

त्या दिवशी वा त्यानंतर शासनाच्या सेवेत येणाऱ्यांना १९८२ चे निवृत्तिवेतन नियम लागू राहणार नाहीत, त्यांच्यासाठी परिभाषित अंशदान योजना राहील, असे महाराष्ट्र शासनाने ठरविले. केंद्राने १ जानेवारी २००४ पासून असेच केले होते. जुन्या नियमांप्रमाणे अखेरच्या वेतनाच्या निम्मी रक्कम तहहयात मिळण्याची हमी होती. नव्या योजनेत कर्मचाऱ्याने वेतनातून १० टक्के भरावयाचे, शासनानेही तितकेच घालावयाचे (पुढे शासनाचा वाटा १४ टक्के झाला), ती पुंजी बाजारात गुंतवावयाची आणि अखेरीस जे येईल ते पदरात घ्यावयाचे. किती येईल, हे कोणी सांगावयाचे नाही.

येथे थोडे मागे जावयास हवे. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नकारा खटल्याचा निकाल दिला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड हे त्या पीठावर होते आणि निकालपत्र न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी लिहिले होते. खटला तारखेचाच होता: ३१ मार्च १९७९ पूर्वी निवृत्त झालेल्यांना वाढीव निवृत्तिवेतन नाही, नंतरच्यांना आहे, असा केंद्राचा हुकूम होता. न्यायालयाने तो भेद मनमानी ठरविला. निवृत्तिवेतन ही धन्याची बक्षिसी नसून केलेल्या सेवेचा मोबदला आहे, असे सांगताना न्यायमूर्तींनी घटनेच्या सरनाम्यातील ‘समाजवादी’ या शब्दाचा आधार घेतला. आजही १७ डिसेंबर हा दिवस निवृत्तांच्या संघटना साजरा करतात. एका तारखेविरुद्ध मिळविलेल्या विजयाचा वाढदिवस त्या दरवर्षी पाळीत आल्या आणि त्याच काळात दुसरी तारीख आली. कायद्याच्या दृष्टीने ही दोन प्रकरणे भिन्न आहेत, कारण २००५ ची रेघ निवृत्तांमध्ये ओढलेली नसून भावी नोकरांच्या पुढ्यात ओढलेली होती. तिचे चातुर्य नेमके तेथेच होते.

त्या दिवशी सेवेत असलेल्या एकाही माणसाचा एक पैसा गेला नाही. ज्यांचे जावयाचे होते ते तेव्हा शाळा-महाविद्यालयांत शिकत होते, कोणत्याही संघटनेचे सभासद नव्हते आणि कोणत्याही अधिवेशनात त्यांना मत नव्हते. निषेधाची निवेदने गेली नाहीत असे नव्हे. परंतु ५४ दिवसांच्या संपाचा वारसा सांगणाऱ्या चळवळीने या प्रश्नावर तेव्हा बेमुदत संपाचे हत्यार उचलले नाही. भीतीलाही कारण होते. जुलै २००३ मध्ये तामिळनाडूत जयललिता सरकारने संपावर गेलेल्या सुमारे १ लाख ७० हजार कर्मचाऱ्यांना एका वटहुकुमाने बडतर्फ केले होते, आणि त्या प्रकरणात ६ ऑगस्ट २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, सरकारी नोकरांना संप करण्याचा मूलभूत, कायदेशीर वा नैतिकही अधिकार नाही, असे म्हटले होते. बहुतेक सर्वांना परत घेतले गेले. पण धाक बसावयाचा तो बसला. भीती आणि स्वतःची सुरक्षितता या दोहोंचा मेळ बसला, की तत्त्व बाजूस पडते.

आता अर्थसंकल्पाची बाजू. २००५ ते २०१० या काळासाठी नेमलेल्या बाराव्या वित्त आयोगाने राज्यांपुढे एक ताट मांडले होते. केंद्राकडून घेतलेल्या कर्जाची फेररचना २० वर्षांसाठी ७.५ टक्के व्याजाने होईल, आणखी काही कर्ज माफही होईल. मात्र राज्याने राजकोषीय उत्तरदायित्वाचा कायदा करून २००८-०९ पर्यंत महसुली तूट शून्यावर आणली पाहिजे. पगारांवरील खर्चालाही आयोगाने मर्यादा सुचविली होती: व्याज व निवृत्तिवेतन वगळून उरलेल्या महसुली खर्चाच्या ३५ टक्के. महाराष्ट्राने २००५ सालीच तो कायदा केला. विधिमंडळाच्या निवडून आलेल्या सभासदांनी पुढील अर्थसंकल्पांचे हात अगोदरच बांधून दिले आणि संघटनांच्या वाटाघाटींना त्याच वेळी वरून झाकण बसले. मंत्र्याशी भांडता येते. टक्केवारीशी भांडावयाचे कोणी आणि कोठे? नकार देणे अशक्य होते असेही नाही. पश्चिम बंगालच्या डाव्या आघाडीने असा कायदा २०१० पर्यंत केला नाही, त्यापायी कर्जातील सवलत गमावली आणि नवी निवृत्तिवेतन योजना तर घेतलीच नाही. तेथे सरकार बदलले, तरी जुनी पद्धत राहिली.

आणि या सुधारणेने पैसे तरी वाचले का? २००५ च्या नोव्हेंबरात पंचविसाव्या वर्षी रुजू झालेला कारकून अठ्ठावन्नाव्या वर्षी, म्हणजे २०३८ मध्ये निवृत्त व्हावयाचा. तोपर्यंत जुन्या निवृत्तांना निवृत्तिवेतन द्यावयाचे ते द्यावयाचेच, शिवाय नव्यांच्या खात्यात शासनाचा वाटाही दरमहा भरावयाचा. पहिली तीस वर्षे ही योजना तिजोरीवरील भार वाढविणारी आहे. वेतन, निवृत्तिवेतन व व्याज यांत राज्याच्या महसुलाचा निम्म्याहून अधिक भाग जातो, हे अर्थमंत्री सांगतात ते खरे आहे, आणि समाजवाद्यांनी त्याकडे डोळेझाक करू नये. परंतु त्या दुखण्यावर २००५ चे औषध निदान २०३० सालापर्यंत लागू पडणारे नव्हते. लगेच जे हाती आले ते निराळे होते. एकाच टेबलाशी बसणाऱ्या दोन कारकुनांचे हितसंबंध त्या दिवशी वेगळे झाले.

रेघा ओढण्याची सवय तत्पूर्वीच जडली होती. २००० साली शिक्षणसेवक आला: काम शिक्षकाचे, तीन वर्षे मानधनाचे, आणि प्राथमिक शाळेत ते मानधन दरमहा ३००० रुपये. त्याच शाळेतील कायम शिक्षक संघटनेचे सभासद होते व त्यांच्या वेतनश्रेणीला धक्का नव्हता. मग कंत्राटी परिचारिका आल्या, रोजंदारीचे संगणकचालक आले, ठेकेदाराचे सफाई कामगार आले. दोन लाखांहून अधिक मंजूर पदे रिकामी राहिली आणि त्यांचे काम या माणसांनी ओढले. सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने नऊ खासगी संस्थांमार्फत भरतीचा निर्णय काढला. तो पुढच्याच महिन्यात मागे घ्यावा लागला, यात स्पर्धापरीक्षांची तयारी करणाऱ्या तरुणांच्या संतापाचा वाटा मोठा होता. ज्यांना अजून नोकरी लागलेली नाही त्यांनी नोकरीचे रक्षण करावे, हे प्रस्थापित संघटनांना भूषणावह नाही.

एस.टी.चे उदाहरण अधिक दुःखद आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये महामंडळाच्या सुमारे ९० हजार कामगारांचा असंतोष उफाळला, तेव्हा कृती समितीने महागाई भत्त्यावर तडजोड केली आणि कामगारांनी ती झुगारली. शासनात विलीनीकरण हवे, या मागणीवर संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. आत्महत्या झाल्या, बडतर्फ्या झाल्या, आणि संघटनांची जागा वकिलांनी व विरोधी पक्षाच्या आमदारांनी घेतली. विलीनीकरण झाले नाही. ते आमदार ज्या पक्षाचे होते तो काही महिन्यांत सत्तेवर आला, तरीही झाले नाही. १९७७ नंतर दंडवत्यांनी रेल्वे कामगारांसाठी जे केले, त्याच्याशी हे ताडून पाहावे.

शेतकऱ्यांच्या रोषाविषयी येथे विस्ताराने लिहिण्याचे कारण नाही. शरद जोशींनी ‘भारत’ आणि ‘इंडिया’ ही विभागणी मांडली तेव्हापासून पगारदार माणूस ‘इंडिया’त गेला, आणि तहसील कचेरीच्या खिडकीवर सात-बारासाठी तिष्ठणाऱ्याला ती विभागणी पटवून द्यावी लागली नाही. संघटनांनी महागाई भत्त्याचे कोष्टक पाठ केले, पण त्या खिडकीची चौकशी केली नाही. म्हणूनच ‘राज्य दिवाळखोर होईल’ असे सरकारने सांगताच लोकांना ते पटते. वस्तुतः याच राज्याने २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी वर्षाला ४६ हजार कोटी रुपयांची तरतूद केली. ते पैसे गरीब स्त्रियांना मिळाले याचे दुःख कोणाही समाजवाद्याला नसावे. परंतु इच्छा झाली की तिजोरी उघडते, एवढे त्यावरून सिद्ध होते. आणि इच्छा मतांनी होते. २०२३ च्या आरंभी नागपूर शिक्षक व अमरावती पदवीधर मतदारसंघांत सत्ताधारी पक्षाच्या बाजूचे उमेदवार पडले, तेव्हा जुन्या पेन्शनविषयीची भाषा लगेच मवाळ झाली होती. त्या मतदारसंघांबाहेर मात्र कर्मचाऱ्याचे मत विखुरलेले आहे.

२०२३ च्या संपानंतर जे मिळाले तेही रेघांच्याच भाषेत मिळाले. जानेवारी २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने ठरविले, की ज्यांच्या पदाची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी निघाली होती पण नेमणूक नंतर झाली, त्या सुमारे २६ हजार जणांना जुनी योजना घेता येईल. रेघ पुसली नाही, सहा बोटे सरकवली. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने एकीकृत निवृत्तिवेतन योजना जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राने ती स्वीकारली. २५ वर्षे सेवा झालेल्यास अखेरच्या १२ महिन्यांतील मूळ वेतनाच्या सरासरीच्या निम्मे निवृत्तिवेतन देण्याचे तीत आश्वासन आहे. हमी परत आली, हा लढ्याचाच परिणाम आहे, तो कोणी नाकारू नये. परंतु अंशदान राहिले, आणि कोणती योजना घ्यावयाची याचा विकल्प प्रत्येकाने आपापला अर्ज भरून द्यावयाचा आहे. जो प्रश्न संघटनेने एकमुखाने सोडवावयाचा, तो आता प्रत्येक कर्मचारी घरी बसून आकडेमोड करून सोडवितो.

याच सुमारास दुसरा एक संप झाला. ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यातील सुमारे दोन लाख अंगणवाडी सेविका व मदतनीस संपावर होत्या. ग्रॅच्युइटी द्या, निवृत्तिवेतन द्या, मानधन वाढवा, या त्यांच्या मागण्या. ग्रॅच्युइटीचा हक्क तर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्येच मान्य केला होता. हा संप ५२ दिवस चालला. कर्णिकांच्या संपाहून दोनच दिवस कमी, आणि तोही महिना संपताच पगाराचे पाकीट मिळण्याची सवय नसलेल्या बायकांनी चालविलेला. मार्चमध्ये जुन्या पेन्शनसाठी सात दिवस बंद राहिलेली कार्यालये, त्याच वर्षी निवृत्तिवेतनासाठी लढणाऱ्या या स्त्रियांकरिता एक दिवसही बंद झाली नाहीत. कर्मचारी संघटनांच्या मागणीपत्रकात कंत्राटी व मानधनी कामगारांना कायम करण्याचे कलम मार्च २०२३ मध्येही होते. मात्र घोषणेत ‘एकच मिशन’ होते, आणि ते कलम त्या एकात बसले नाही. अंगणवाडीची मदतनीस जिल्हा परिषदेच्या आवारात येते तेव्हा आजही ती झाडाखाली आपल्या युनियनचा निराळा फलक घेऊन बसते, आणि आतल्या सूचनाफलकावर विकल्प अर्जाची अंतिम तारीख लावलेली असते.