ढाप्याखालचा इतिहास

वाशिमच्या कोणत्याही नव्या लेआऊटमध्ये घराचा पाया आखला जात असताना गवंडी मालकाला एक प्रश्न हमखास विचारतो, ‘सेफ्टी टँक कुठं घ्यायची?’ मूळ शब्द सेप्टिक, म्हणजे कुजवणारी. आपल्या जिभेने तिला सेफ्टी, म्हणजे सुरक्षित करून टाकले. हा अपभ्रंश हसण्यावारी नेण्यासारखा असला तरी त्यात एका समाजाची पक्की समजूत गोठलेली आहे: ढापा बसला की विषय संपला. दृष्टीआड सृष्टी ही म्हण आपण दुसऱ्याच्या बेफिकिरीला लावतो. स्वतःच्या अंगणातल्या टाकीला लावून पाहत नाही. मैल्याचा इतिहास चाळला तर दिसते की प्रत्येक काळाने घाण नजरेआड करण्याची नवी युक्ती काढली, त्या युक्तीला प्रगती म्हटले आणि झाकणाखालचे काम कोणाच्या तरी गळ्यात घातले. ज्याच्या गळ्यात घातले त्याचे नाव बदलत गेले, रीत बदलली नाही.

वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. वाकाटकांच्या दानपत्रांत गाव दान देताना जमिनीतल्या ठेवींचा आणि गुप्तधनाचाही उल्लेख येतो. भूमीच्या पोटात जे काही असेल ते कोणाचे, हे आधीच ठरवून तांब्यावर कोरलेले बरे, एवढे व्यवहारज्ञान त्या राजवटीला होते. पुढच्या शतकांत मराठी मुलखाने जमिनीची आणखी एक शहाणी वाटणी केली: वस्तीची ती पांढरी आणि शेतीची ती काळी. घरे पांढरीवर उभी राहत आणि माणसे परसाकडे काळीच्या दिशेने जात. वस्ती विरळ, ऊन कडक आणि माती भुकेली असेपर्यंत ही व्यवस्था निभावली. ती आदर्श मुळीच नव्हती. अंधार पडण्याची वाट पाहणाऱ्या बायकांनी तिची किंमत मोजली आणि ओढ्या-विहिरींतून पसरणाऱ्या पटकीने गावेच्या गावे ओस पाडली. तरीही कोणती जमीन काय पचवू शकते याचे भान त्या वाटणीत होते, आणि नेमके तेच भान पुढे हरवले.

इंग्रजी अमलात वऱ्हाडातला बासीम, म्हणजे वाशिम, जिल्हा १९०५ पर्यंत स्वतंत्र होता, नंतर त्याचा बराचसा भाग अकोल्यात विलीन झाला. त्या काळात नगरपालिका आल्या, तसे शहरांतले संडास घराच्या मागच्या अंगाला, सफाईच्या गल्लीकडे तोंड करून बसले आणि टोपलीत साचलेला मैला डोक्यावरून वाहून नेण्याचे काम एका जातीच्या माथी कायमचे मारले गेले. गंमत अशी की ज्याला हात लावणे विटाळ, त्याच वस्तूला शेतकरी सोनखत म्हणत होता. पुण्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उसाच्या मळेवाल्यांनी नगरपालिकेकडून ते पैसे मोजून नेले. खताला सोन्याचा भाव आणि खत वाहणाऱ्याला अस्पृश्यता, हा विरोधाभास त्या व्यवस्थेला कधी बोचला नाही, कारण दोन्ही गोष्टी घराच्या मागच्या दाराने होत होत्या.

त्याच सुमारास लंडन वेगळ्या वाटेने त्याच खड्ड्यात पडत होते. घरोघरी नळ आणि पाण्याचे संडास आले, परंतु त्यांचे पाणी जिरवण्याइतके मोठे मैलाकुंड कोणाकडेच नव्हते. १८५४ मध्ये ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती पटकीने शेकडो माणसे दगावली, डॉ. जॉन स्नो यांनी बोट पंपाकडे दाखवले आणि नंतरच्या खोदकामात शेजारच्या घराचे गळके मैलाकुंड त्या विहिरीपासून तीन फुटांच्याही आत आढळले. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सची दुर्गंधी थेट पार्लमेंटच्या खिडक्यांतून आत शिरली, तेव्हा कुठे भुयारी गटारांना मंजुरी मिळाली. मुंबईतही विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये आले आणि सांडपाण्याचा निचरा मागाहून धावत राहिला. पाणी आधी आणि निचरा नंतर, हा क्रम जगात जिथे जिथे आला, तिथे मधली वर्षे रोगराईची गेली.

या मधल्या वर्षांसाठीच सेप्टिक टाकी जन्मली. फ्रान्समध्ये म्युरास यांनी १८८१ मध्ये तिचे पेटंट घेतले आणि इंग्लंडच्या एक्झेटर शहरात डोनाल्ड कॅमेरॉन यांनी १८९५ च्या सुमारास तिला आजचे नाव दिले. अवघ्या काही वर्षांत ती मुंबईत पोहोचली; माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात अशा टाकीतला वायू गोळा करून त्यावर इंजिन चालवण्यापर्यंत मजल गेली. म्हणजे हे तंत्र महाराष्ट्राला शंभराहून अधिक वर्षे ठाऊक आहे, आणि ते नीट हाताळले तर काय देते हेही. आपण मात्र त्यातला फक्त ढापा उचलला.

ढाप्याखाली हात घालायला तयार असलेली माणसेही इथेच झाली. अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात आपल्याला भंगीकाम करू द्यावे म्हणून उपोषण केले आणि गांधीजींनी येरवड्यातून त्यांना साथ दिली. पुढे कणकवलीच्या गोपुरीत त्यांनी मैल्याचे खत करणारे साधे, स्वस्त संडास घडवले. शेंडगावच्या गाडगेबाबांनी खराट्याचे कीर्तन केले. मुंबई सरकारने नेमलेल्या बर्वे समितीने सफाई कामगारांच्या जगण्याचा अहवाल १९५२ मध्ये सादर केला, तरी डोक्यावरून मैला वाहण्याला बंदी घालणारा केंद्राचा कायदा यायला १९९३ उजाडले. अहवाल आणि कायदा यांमधली ही चाळीस वर्षे आपल्या सामूहिक विसरभोळेपणाचे माप म्हणून लक्षात ठेवावीत.

१९९८ मध्ये वाशिम पुन्हा जिल्हा झाला. दोन वर्षांनी राज्यात गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, २०१४ मध्ये स्वच्छ भारत अभियान आले आणि बारा हजार रुपयांच्या प्रोत्साहन अनुदानाने गावोगाव शौचालये उभी राहिली. याच जिल्ह्यातल्या सायखेड्याच्या एका महिलेने मंगळसूत्र विकून शौचालय बांधले, तेव्हा २०१५ मध्ये ग्रामविकास मंत्र्यांनी तिचा सत्कार केला. तो सत्कार योग्यच होता. परंतु सत्कार, अनुदान, फोटो आणि हागणदारीमुक्तीची पाटी ही सगळी मांडणी भांडे बसेपर्यंतची होती. टाकी भरल्यानंतरचा दिवस कोणत्याही पाटीवर लिहिलेला नव्हता.

तो दिवस आता उगवला आहे, म्हणून टाकीच्या आत एकदा पाहायला हवे. नीट बांधलेल्या टाकीत जड मैला तळाशी गाळ होऊन बसतो, तेलकट भाग वर साय धरतो आणि मधले पाणी आडभिंत ओलांडून बाहेर पडते. ते दिसायला निवळ असले तरी जंतूंनी भरलेले असते, म्हणून ते शोषखड्ड्यात जिरायला हवे. प्रत्यक्षात पुष्कळ घरांत आडभिंत नसते, तळाला काँक्रीट नसते आणि बाहेरचा पाइप थेट समोरच्या नालीत सोडलेला असतो. मग मालक पाहुण्यांना अभिमानाने सांगतो, ‘वीस वर्षं झाली, आमची टाकी एकदाही उपसावी लागली नाही.’ वीस वर्षे न भरणारी टाकी ही टाकी नसून जमिनीत सोडलेले भोक असते, हे त्या अभिमानाला कोणी सांगत नाही.

आणि जमीन तरी कोणती? जुन्या गावाने घरांसाठी पांढरी राखली होती. आजचे लेआऊट अकृषक परवाना घेऊन काळीवर पडतात. ही कपाशी-सोयाबीनची माती पावसाळ्यात फुगून घट्ट होते, तेव्हा शोषखड्डा पाणी घेईनासा होतो. उन्हाळ्यात ती भेगाळते, तेव्हा तेच पाणी न गाळता मुरमात आणि पुढे काळ्या पाषाणाच्या सांध्यांत उतरते, जिथून आपला बोअर पाणी ओढतो. शोषखड्डा आणि पिण्याच्या पाण्याचा स्रोत यांत किमान अठरा मीटर, म्हणजे सुमारे एकोणसाठ फूट अंतर ठेवावे, असे भारतीय मानक सांगते. तीस बाय पन्नासच्या प्लॉटचा कर्ण काढून पाहा, तोच अठ्ठावन्न फुटांच्या आसपास भरतो. एका कोपऱ्यात बोअर आणि समोरच्या कोपऱ्यात खड्डा घेतला तरी नियम पाळला जात नाही, शेजाऱ्याचा बोअर तर हिशेबातच धरलेला नाही. ब्रॉड स्ट्रीटचे तीन फूट आपल्याला दूरचे वाटतात. अंतर वाढले आहे, चूक तीच आहे.

टाकी तुंबली की मग इतिहासाचे दुसरे पान उलटते. गाडी बोलावण्याऐवजी स्वस्तात दोन मजूर आणले जातात, ढापा सरकतो आणि आत साचलेला विषारी वायू पहिल्या माणसाला खाली ओढतो, त्याला वाचवायला उतरलेला दुसराही वर येत नाही. मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्याच्या सोनपेठ तालुक्यात टाकी साफ करताना पाच मजूर असेच गेले. २०१३ चा कायदा असे काम करवून घेणाऱ्या कोणालाही, म्हणजे घरमालकालाही, दोन वर्षांपर्यंतची कैद किंवा दोन लाखांपर्यंतचा दंड सांगतो. टोपली गेली, शिडी आली. उतरणारा माणूस मात्र बहुतेक वेळा त्याच वस्तीतून येतो.

यातून वाट नाही असे नाही. वाई आणि सिन्नर या नगरपालिकांनी वॉर्डांप्रमाणे दर तीन वर्षांनी प्रत्येक घराची टाकी यंत्राने उपसण्याचे वेळापत्रक बांधले, मालकाच्या तक्रारीची वाट पाहिली नाही आणि गाळ शुद्धीकरण प्रकल्पात नेला. वाशिमसह कारंजा, रिसोड, मंगरुळपीर या गावांना भुयारी गटारांची वाट पाहत बसण्यापेक्षा हा धडा गिरवणे परवडेल. ज्या जिल्ह्यात पाचांतली चाराहून अधिक माणसे खेड्यांत राहतात, तिथे जागा असेल तिथे टाकीऐवजी दोन शोषखड्ड्यांचा संडास बरा: एक भरला की दुसरा वापरावा, पहिल्यात दोन वर्षांत खत होते, अप्पांच्या वाटेवरचेच सोनखत. टाकी असलेल्यांनी दोन-तीन वर्षांनी, गाळ आणि साय निम्मी टाकी व्यापण्याच्या आत, ती गाडीनेच उपसून घ्यावी, आत ॲसिड ओतू नये, ढाप्यापाशी काडी ओढू नये आणि कोणत्याही भावाला माणूस उतरवू नये.

घरटॅक्सच्या पावत्या ज्या पिशवीत असतात, तिच्यात एक कागद आणखी ठेवा: टाकी कधी बांधली, लांबी-रुंदी-खोली किती, तळ पक्का आहे की नाही, शेवटची कधी उपसली आणि गाळ कुठे गेला. जमिनीच्या पोटातल्याची नोंद वाकाटकांनी तांब्यावर ठेवली, आपल्याला वहीचे पान पुरेल. तो कागद ज्या घरात नाही, त्या घराची टाकी अजून सेप्टिकच आहे; तिला सेफ्टी म्हणण्याचा हक्क त्या घराने मिळवलेला नाही.