प्रश्नाला साक्षीदार हवा

प्रति,
मा. संचालक,
राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, महाराष्ट्र, पुणे

विषय : शालेय प्रश्नमंजूषा स्पर्धांत इतिहास आणि धर्मावरचे प्रश्न कसे काढावेत, याची नियमावली करण्याबाबत

महोदय,

मी चऱ्होली बुद्रुकला राहतो. नोकरीची सगळी वर्षं इतिहास शिकवण्यात गेली. निवृत्तीनंतरही आसपासच्या शाळा प्रश्नमंजूषेच्या वेळी बोलावतात. कधी प्रश्न काढायला, कधी परीक्षक म्हणून. या पत्राला कारण झाला तो मीच काढलेला एक प्रश्न.

एका शाळेत आंतरशालेय स्पर्धा होती. बझरची फेरी सुरू होती. सूत्रसंचालकांनी प्रश्न वाचला : ‘गौतम बुद्ध हे विष्णूचे कितवे अवतार?’ सातवीतल्या एका मुलीने सगळ्यांच्या आधी बझर दाबला, उभी राहिली आणि म्हणाली, ‘सर, बुद्ध अवतार नव्हते.’ सूत्रसंचालकांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातातल्या उत्तरसूचीत ‘नववा’ असं लिहिलेलं होतं. मी नकारार्थी मान हलवली. तिच्या संघाचे पाच गुण कापले गेले. पुढच्या संघाने ‘नववा’ म्हणून दहा गुण मिळवले. त्यानंतर शेवटच्या फेरीपर्यंत त्या मुलीने एकदाही बझर दाबला नाही.

ती चुकली नव्हती, चूक माझी होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतली एक हेच सांगते की बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे मी मानत नाही. ज्या घरात या प्रतिज्ञा मनापासून म्हटल्या जातात, त्या घरातलं मूल वेगळं उत्तर देणार कसं? दहा गुण हवे असतील तर घरात शिकलेलं खोटं आहे असं चारचौघांत कबूल कर, असंच मी त्या मुलीला सांगत होतो. बरं, वैष्णव परंपरेपुरतं बोलायचं तरी माझं उत्तर पक्कं नव्हतं. महाराष्ट्रातल्या जुन्या पंचांगांत आणि चित्रांत दशावतारांच्या नवव्या जागी विठ्ठल उभा असलेला दिसतो. काही याद्यांत बुद्धाऐवजी बलराम असतो. मी तो प्रश्न सामान्यज्ञानाच्या गाइडातून उचलला होता आणि ‘हे कोण म्हणतं?’ असं स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं.

महोदय, मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. इतिहासाच्या आणि धर्माच्या प्रत्येक प्रश्नात साक्षीदार हवा. हे कोण सांगतं : कागद, शिलालेख, ग्रंथ की परंपरा? त्याचं नाव प्रश्नाच्या वाक्यातच यायला हवं. न्यायालयात साक्षीदाराशिवाय निकाल होत नाही. आपल्या स्पर्धांत मात्र तो दहा सेकंदांत होतो आणि समोर लहान मूल उभं असतं.

हा प्रश्न आमच्या भागात अधिक जाणवतो. आळंदी आमच्या शेजारी आहे. आषाढी वारीसाठी माउलींची पालखी पुण्याकडे निघते तेव्हा वडमुखवाडीच्या थोरल्या पादुकांपाशी विसावते. इंद्रायणीच्या वरच्या अंगाला देहू आहे आणि खाली तुळापूरला ती भीमेला मिळते. पलीकडे चाकणचा संग्रामदुर्ग, अलीकडे चिंचवडला मोरया गोसावींची समाधी आणि चापेकरांचा वाडा. चाकण-भोसरीच्या कंपन्यांमुळे विदर्भ-मराठवाड्यातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेल्या कुटुंबांची मुलं इथल्या वर्गांत एकाच बाकावर बसतात. एकाच प्रश्नाची उत्तरं ती वेगवेगळ्या घरांतून घेऊन येतात.

साक्षीदाराने काय साधतं, हे शिवजन्माच्या तारखेवरून कळतं. पूर्वी बखरींच्या आधारे शके १५४९ मधली वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे १६२७ साल, मानलं जाई. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी नोंद होती. परमानंदाच्या ‘शिवभारता’नेही त्याच शकाला दुजोरा दिला. पुढे इतिहासकारांची समिती झाली, वर्षानुवर्षं वाद चालले आणि राज्य शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. आता ‘शिवाजी महाराजांचा जन्म कधी झाला?’ असं नुसतं विचारलं, तर आजोबांकडून जुनी तिथी ऐकलेलं मूल एका फटक्यात चूक ठरतं आणि का चुकलं ते त्याला कळतही नाही. तेच ‘जेधे शकावलीनुसार शिवजन्माचा शक कोणता?’ असं विचारा. उत्तर एकच राहतं, आजोबांचा मान राहतो, आणि पुरावा सापडला की इतिहास बदलतो हेही मुलाला समजतं.

श्रद्धेच्या कथांनाही हेच लागू आहे. ज्ञानदेवांनी भिंत चालवली, ही कथा आमच्याकडे पाळण्यातल्या बाळाच्याही कानांवर पडते. इतिहासाच्या फेरीत ‘भिंत कोणी चालवली?’ असं विचारलं की वारकऱ्याच्या घरातलं मूल हरखून उत्तर देतं. विज्ञानाच्या तासाला प्रयोगाशिवाय काही मानू नका असं शिकलेलं मूल मात्र गोंधळतं. ‘वारकरी परंपरेतल्या कथेनुसार, वाघावर बसून आलेल्या कोणत्या योग्याला भेटायला भावंडं भिंतीवर बसून निघाली?’ असं विचारलं, तर चांगदेव हे उत्तर दोघंही निःशंकपणे देतील. तुकोबांचं वैकुंठगमन हा कोट्यवधींच्या श्रद्धेचा विषय आहे आणि इतिहासकारांच्या चर्चेचाही. ‘तुकोबांचं काय झालं?’ हा दहा सेकंदांचा प्रश्नच नव्हे. ‘तुकाराम बीज कोणत्या तिथीला येते?’ हा आहे. फाल्गुन वद्य द्वितीया, यावर कुणाचंच दुमत नाही.

धर्मांच्या बाबतीत ‘संस्थापक कोण?’ हा प्रश्न सर्वांत सोपा वाटतो आणि सर्वांत जास्त घोळ तोच घालतो. ‘जैन धर्माचे संस्थापक महावीर’ असं कितीतरी उत्तरसूच्यांत छापलेलं असतं. जैन परंपरा महावीरांना चोविसावे तीर्थंकर मानते. तिचे पहिले तीर्थंकर ऋषभदेव. मुस्लिमांच्या दृष्टीने मुहंमद पैगंबर हे अखेरचे पैगंबर आहेत, नव्या धर्माचे संस्थापक नव्हेत आणि पूजेचं दैवत तर मुळीच नव्हेत. मोहरमला ‘मुस्लिमांचा आनंदाचा सण’ म्हणणारा प्रश्न मी स्वतः ऐकला आहे. मोहरममधला आशुरा हा करबलाच्या शोकाचा दिवस आहे, ते साल इसवी सन ६८०. गुड फ्रायडेच्या शुभेच्छांवरही असाच प्रश्न येतो आणि ख्रिस्ती मुलाला तो तसाच बोचतो. ज्या धर्माविषयी विचारायचं, त्या धर्मातल्या एका जाणत्या माणसाला प्रश्न आधी वाचून दाखवला तर यातल्या बहुतेक चुका तिथल्या तिथे टळतील. त्यासाठी चहाच्या एका कपाएवढा वेळ पुरतो.

आता त्याहून खोल गोष्ट सांगतो, कारण तिच्याकडे माझंही लक्ष उशिरा गेलं. एकेक प्रश्न अचूक असूनही सगळा संच अन्याय करू शकतो. शिवचरित्रावर पाच प्रश्न काढले आणि पाचांतही शत्रू एकाच धर्माचे व सोबती दुसऱ्याच धर्माचे आले, तर एकही उत्तर खोटं नसताना मुलांच्या मनात खोटं चित्र बसतं. महाराजांच्या आरमारात दौलतखान होता, दरबारी फार्सी पत्रव्यवहार पाहायला काझी हैदर होता. अफझलखानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता. १६६५ साली पुरंदरच्या तहात ज्यांच्याकडे तेवीस किल्ले सोपवावे लागले, ते मोगल सेनापती मिर्झाराजे जयसिंह होते. हेही शिवचरित्रच आहे. म्हणून प्रश्नसंच तयार झाला की सगळे प्रश्न सलग वाचून काढावेत आणि त्यांतून कोणता महाराष्ट्र उभा राहतो ते पाहावं.

विशेषणांचंही तेच. ‘क्रूर’, ‘धर्मांध’, ‘देशद्रोही’ हे शब्द प्रश्नात आले की उत्तर द्यायच्या आधीच मुलाला निकाल ऐकवलेला असतो. कृत्य विचारा, साल विचारा, ठिकाण विचारा. निकाल मोठेपणी ते स्वतः देईल.

काही जखमा अजून ओल्या आहेत. आमच्या नदीच्याच वाटेवर तुळापूर, वढू बुद्रुक आणि कोरेगाव भीमा आहेत. छत्रपती संभाजी महाराजांच्या अंत्यविधीविषयी वढूत सांगितल्या जाणाऱ्या वेगवेगळ्या परंपरांतली एक निवडून तिच्यासमोर ‘बरोबर’ची खूण करण्याचा अधिकार परीक्षकाला नाही. कोरेगावच्या लढाईतल्या जय-पराजयाचा वादही बझरवर मिटणार नाही. पण ‘१ जानेवारी १९२७ रोजी कोरेगावच्या स्तंभाला अभिवादन करायला कोण आले होते?’ हे जरूर विचारावं. बाबासाहेबांची ती भेट इतिहासात नोंदलेली आहे.

‘पहिला’ आणि ‘किती’ या दोन शब्दांपासूनही जपायला हवं. मराठीतला पहिला शिलालेख म्हणून माझ्या पिढीने श्रवणबेळगोळचं नाव पाठ केलं. आता शके ९३४ चा अक्षीचा लेख त्याआधीचा मानला जातो. १६६० साली शायिस्ताखानाविरुद्ध फिरंगोजी नरसाळा यांनी चाकणचा किल्ला किती दिवस झुंजवला? कुठे चोपन्न छापलेलं आढळतं, कुठे पंचावन्न, कुठे छप्पन्न. वेढ्याचा पहिला दिवस कुठून धरायचा यावर आकडा बदलतो. किल्लेदाराचं नाव विचारलं तर उत्तर एकच येतं, आणि मुलाच्या लक्षात राहायला हवं तेही तेच.

काही शिक्षकमित्र म्हणतात, एवढी जोखीम असेल तर धर्मावरचे प्रश्नच वगळा. मला ते मान्य नाही. प्रश्न वगळले तर नामदेवांची एकसष्ट पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, हे मराठी मुलाला कोण सांगणार? श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ लिहिला आणि फादर थॉमस स्टीफन्स यांनी रचलेलं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राचोलला छापून निघालं, हे त्याला कुठे कळणार? सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ च्या पत्रात जोतीरावांना ज्या सहकारी स्त्रीवर पडलेल्या कामाच्या भाराविषयी लिहिलं, ती फातिमा होती. हा असा प्रश्न आहे की साक्षीदार स्वतः सावित्रीबाईच आहेत. नीट विचारलेल्या एका प्रश्नाने शेजारच्या बाकावरच्या मुलाचं घर आपल्याला कळतं. ते दार बंद करू नका.

आपली परिषद राज्यातल्या शिक्षकांना प्रशिक्षण देते. म्हणून तीन विनंत्या आपल्याकडेच करतो.

१. प्रश्नमंजूषेसाठी एका पानाची तपासणी-सूची प्रसिद्ध करावी. प्रश्नात साक्षीदार आहे का, उत्तर खरोखर एकच आहे का, एखाद्या मुलाला घरची श्रद्धा नाकारल्याशिवाय गुण मिळणार नाहीत असं तर होत नाही ना, आणि सगळा संच एकत्र वाचला आहे का, एवढे चार मुद्दे पुरेत.

२. उत्तरसूचीत प्रत्येक उत्तरापुढे आधार छापलेला असावा : पुस्तकाचं नाव, शकावली, शिलालेख किंवा ‘अमुक परंपरेनुसार’. गाइड हा आधार धरू नये.

३. हरकतीला जागा असावी. महाराष्ट्र लोकसेवा आयोग पूर्वपरीक्षेनंतर उत्तरतालिका जाहीर करतो, पुराव्यासह हरकती मागवतो आणि चुकीचे प्रश्न रद्दही करतो. पंचविशीतल्या उमेदवाराला मिळणारा हा हक्क बारा वर्षांच्या मुलाला का नसावा? प्रत्येक फेरीनंतर दहा मिनिटं द्यावीत. हरकत पटली तर प्रश्न रद्द करावा आणि कापलेले गुण परत द्यावेत. ‘परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील’ हे वाक्य आपण प्रत्येक माहितीपत्रकावर छापतो. चषक कुणाला द्यायचा यापुरता तो अंतिम असू दे. इतिहासापुरता आणि मुलाच्या श्रद्धेपुरता तो अंतिम नाही, हे त्याच पत्रकावर लिहावं.

त्या दिवशी मी हरकतीसाठी दहा मिनिटं ठेवली असती, तर ती मुलगी माझ्या टेबलापाशी आली असती, आणि कदाचित मला शिकवून गेली असती. बुद्धांविषयी विचारायचंच होतं तर विचारण्यासारखा प्रश्न इथेच, आमच्याच भागात होता : ‘२५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देहूरोडला कोणाच्या मूर्तीची प्रतिष्ठापना केली?’ त्याला साल आहे, जागा आहे, साक्षीदार आहेत. त्याचं उत्तर तिने अभिमानाने दिलं असतं आणि बाकीच्या संघांनाही ते कळलं असतं.

पुढच्या स्पर्धेसाठी मी पन्नास प्रश्नांचा संच करतो आहे. प्रत्येक उत्तरापुढे आधार लिहिला आहे. तो आपल्याकडे पाठवतो. आपल्या तज्ज्ञांनी तो तपासावा, जिथे चुकलो असेन तिथे दुरुस्त करावा, आणि योग्य वाटला तर इतर शाळांसाठीही खुला करावा. स्पर्धा संपल्यावर एकही मूल त्या दिवसासारखं गप्प होऊन घरी जाऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे.

आपला विश्वासू,
चऱ्होली बुद्रुक येथील एक निवृत्त इतिहास शिक्षक