तलावाचे पाणी : प्रशासनास अखेरचा इशारा

आम्ही या तरण तलावाचे पासधारक. शुल्क भरून पोहतो. उपकार म्हणून नाही.

निवेदने दिली. पोच घेतली. साहेबांना भेटलो, 'बघतो' म्हणाले. ठेकेदाराला भेटलो; त्याने साहेबांकडे बोट दाखवले.

उन्हाळी बॅचला गर्दी असते, समजून घेतले. पावसाळ्यात पाणी गढुळते, तेही समजून घेतले.

आता समजून घेणे संपले.

खोल बाजूचा तळ दिसत नाही. तळ दिसत नाही तिथे बुडणारा माणूसही दिसत नाही. मग काठावरचा जीवरक्षक असून नसल्यासारखाच.

शॉवर कोरडे आहेत. लोक डोक्याला तेल चोपडून तसेच उडी मारतात. पन्हाळीत गुटख्याच्या पिचकाऱ्या आहेत. नियमांचा फलक मात्र दारावर आहे.

तक्रार केली की उत्तर ठरलेले : 'वास येतोय ना? म्हणजे क्लोरीन भरपूर आहे.'

चूक. घाम आणि लघवी क्लोरीनमध्ये मिसळली की क्लोरामाइन तयार होतात. तो उग्र वास त्यांचा. डोळे चुरचुरतात तेही त्यांच्यामुळेच. स्वच्छतेचा पुरावा म्हणून तुम्ही जो वास दाखवता, तो घाणीचा पंचनामा आहे.

मुक्त क्लोरीन लिटरमागे किमान १ मिलिग्रॅम, पीएच ७ ते ७.८ : अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेची ही शिफारस जगजाहीर आहे. एवढे सांभाळले तर बहुतेक जंतू काही मिनिटांत मरतात. जुलाब लावणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी मात्र इतक्यात मरत नाही. तो सात दिवसांहून अधिक टिकतो. म्हणून जुलाब होणाऱ्याला दारातच अडवायचे असते. तुमच्या दारात फक्त पास बघतात.

तुमची तपासणी वही आम्ही पाहिली आहे. महिनाभर एकच आकडा. एकच शाई. एका बैठकीत भरलेली.

शॉवर सुरू करा. अंघोळ केल्याशिवाय कोणालाही पाण्यात सोडू नका. नगरसेवकांचा पाहुणा असला तरी. फिल्टर प्लँट नीट चालवा. पाण्याची रोज तपासणी करा आणि आकडे दारावर लावा.

आमच्या सभासदांना आम्ही आधीच बजावले आहे : अंघोळ नाही तर पोहणे नाही. ते पाळतात. आमचे आमच्या माणसांनी ऐकले. तुमचे तुमच्या ठेकेदाराने ऐकलेले नाही.

मुदत पंधरा दिवस.

सोळाव्या दिवशी आम्ही दारात असू. पाण्यात कोणी उतरणार नाही. पासचे नूतनीकरण होणार नाही. माहितीचा अधिकार कायदा, २००५ खाली पाण्याचा प्रमाणित नमुना मागू. तो हक्क कलम २ मध्येच लिहिलेला आहे. प्रयोगशाळेचा अहवाल घेऊन ग्राहक आयोगात जाऊ. शुल्क तुम्ही घेतले आहे. पावत्या आमच्याकडे आहेत.

चर्चेचे निमंत्रण नको. चर्चा झाल्या.

यायचे तर वही घेऊन तलावावर या. पहिली बॅच सकाळी सहाला असते.