गाडीचा ठावठिकाणा सांगा, प्रवाशाचा विचारू नका

आदिलाबाद रेल्वे स्थानक तेलंगणात असले तरी त्याचा कारभार दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागाकडे आहे. मुदखेडकडे निघालेली गाडी किनवट गाठते. माजरीकडे निघालेली पैनगंगा ओलांडून पिंपळखुटीला पोहोचते. लोहमार्गाच्या दोन्ही अंगांना महाराष्ट्र आहे, आणि जैनथ, बेला या मंडलांतून येथे येणाऱ्या असंख्य प्रवाशांची मायबोली मराठी आहे.

या प्रवाशाचे प्रश्न साधे असतात. गाडी किती उशिरा आहे? कोणत्या फलाटावर येणार? रद्द तर झाली नाही ना? त्यावर हल्लीचे ठरलेले उत्तर एकच : ‘अ‍ॅप घ्या.’ अ‍ॅप म्हणजे मोबाइल क्रमांक, नोंदणी आणि परक्या भाषेतील अटींवर उमटवलेली मुकी संमती. ज्याला मराठी घोषणा हवी होती, त्याच्याकडूनच माहिती वसूल केली जाते.

वास्तविक गाडी कोठे आहे हे कळण्यासाठी प्रवाशाच्या फोनची मुळीच गरज नाही. इस्रोच्या सहकार्याने इंजिनांवर बसवण्यात येत असलेली यंत्रणा दर ३० सेकंदांनी गाडीचे स्थान कळवते. गाडीची माहिती सार्वजनिक आणि प्रवाशाची खासगी, हा सरळ न्याय आहे; व्यवहारात तो उलटा झाला आहे.

ही भीती निराधार नाही. डब्यांवर नाव, वय लिहिलेले आरक्षण तक्ते वर्षानुवर्षे चिकटवले जात. मोठ्या स्थानकांवर ती प्रथा २०१८ मध्ये थांबली. ऑगस्ट २०२२ मध्ये आयआरसीटीसीने प्रवाशांच्या माहितीतून उत्पन्न मिळवण्यासाठी सल्लागार नेमण्याची निविदा काढली आणि टीका होताच मागे घेतली. त्याआधी पाच वर्षे, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला होता.

येथेच भाषेचा प्रश्न हक्काचा होतो. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावयाचा आहे. मराठी त्या अनुसूचीत आहे. न समजलेल्या मजकुराला दिलेला होकार हा होकारच नव्हे.

‘तेलंगणात मराठी कशाला?’ असा आक्षेप येईल. तेलुगू हटवा, असे आम्ही म्हणत नाही. तिच्या शेजारी मराठी हवी. राज्याची सीमा नकाशावर ओढली गेली, प्रवाशाच्या कानात नव्हे.

म्हणून नांदेड विभागाकडे मागण्या स्पष्ट आहेत. आदिलाबादला प्रत्येक गाडीची घोषणा आणि फलक मराठीतही असावेत. विलंबाची माहिती नोंदणीविना मिळावी. जेथे नाव-क्रमांक खरोखर आवश्यक आहे, तेथे तो का घेतला आणि किती काळ ठेवणार, हे मराठीत सांगावे. संविधानाच्या ३५० व्या अनुच्छेदाने संघाच्या वा राज्याच्या वापरातील कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा अधिकार दिला आहे. बांधवांनो, तो वापरा. आपल्या स्थानकावरून निवेदन मराठीतच धाडा.