चाक पिंजऱ्याच्या नव्हे, जर्बिलच्या मापाचे हवे

पाळीव जर्बिलसाठी व्यायामाचे चाक घेताना अनेक जण पिंजऱ्यात मावेल ते घेतात. चूक तिथेच होते.

चाक हवेच का?
हो. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, नेदरलँड्समधील लायडेन विद्यापीठाच्या संशोधकांनी उघड्यावर चाक ठेवले, तेव्हा मोकळे फिरणारे उंदीर आपणहून त्यावर धावले. पिंजऱ्यातल्या जर्बिलला तर धावायला दुसरी जागाच नसते.

धोका कुठे?
जर्बिलची शेपटी जवळपास शरीराइतकी लांब असते. चाकाच्या तारांमध्ये ती अडकली, तर कातडी सोलून निघते आणि पुन्हा येत नाही. लहान चाकात धावताना पाठ वाकते. प्लास्टिकचे चाक जर्बिल कुरतडून टाकतात.

कसे निवडावे?
सुमारे 28 सेंटिमीटर व्यासाचे, फटी नसलेल्या सलग पट्टीचे, धातूचे चाक घ्यावे. धावताना पाठ सरळ दिसली, तर माप बरोबर.

गावात मिळाले नाही तर?
बुलढाणा जिल्ह्यातील धाडसारख्या गावात फॅब्रिकेशनवाल्याकडून स्टेनलेस स्टीलचे चाक करून घेता येईल. पुढची बाजू पूर्ण उघडी ठेवावी, बेअरिंग बसवावे, कडा घासून घ्याव्यात. रंग मात्र देऊ नये. कुरतडताना तो पोटात जातो.

जबाबदारी एकट्या ग्राहकाची नाही. चाक कोणत्या प्राण्यासाठी आहे आणि त्याचा व्यास किती, हे विक्रेत्यांनी खोक्यावर ठळक छापलेच पाहिजे. स्वस्त चाकाची किंमत मुक्या जिवाने का मोजावी?