नाव कुठल्या यादीत?

मैत्रिणींनो, माझी रोह्याची भाची लग्न होऊन पेणला आली. रेशनकार्डावर नाव चढलं, मतदार यादीतलं मात्र रोह्यालाच राहिलं. म्हणते कशी, "माझ्या एका मतावाचून काय अडतंय, मावशी?"

मी तिला सोफिया दुलीपसिंगची गोष्ट सांगितली. महाराजा रणजितसिंहांची ही नात इंग्लंडात वाढली. बायकांना मत नाही, तर सरकारला करही नाही, असं तिनं ठणकावलं, दंडही भरेना. १९११ साली तिची हिऱ्यांची अंगठी जप्त होऊन लिलावात निघाली! चळवळीतल्याच एका बाईनं ती विकत घेऊन तिला परत दिली. (दागिना जाणं म्हणजे काय, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.)

त्याच वर्षी मुंबईच्या हेराबाई टाटांना ती काश्मीरमध्ये भेटली. तिचा 'बायकांना मत द्या' हा बिल्ला हेराबाईंच्या मनात भरला. १९१९ मध्ये लेक मिठनला घेऊन त्या थेट लंडनला गेल्या, आपल्या बायकांसाठी भांडल्या. इकडे पुण्यात रमाबाई रानडे झटत होत्या. १९२१ साली मुंबई इलाख्यात मत मिळालं, पण मालमत्तेची अट होतीच. तुमच्या-माझ्या आज्या-पणज्यांच्या नावावर कसली मालमत्ता?

सरसकट हक्क दिला तो राज्यघटनेनं. तरी १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत देशातल्या सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गळाली. का, तर त्यांनी स्वतःचं नावच सांगितलं नव्हतं. नुसतं 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई'!

भाचीनं मुकाट्यानं कागद काढले. पत्ता बदलायला नमुना ८ चा अर्ज लागतो, सोबत नव्या पत्त्याचा पुरावा. दुरुस्तीलाही तोच नमुना.