चिमणीला घर देणारे दाते

दिवाळी आली की घरातला कोनाडा न् कोनाडा झाडून निघतो आणि चिमणीच्या काड्याही केरात जातात. पुढे २० मार्च उजाडला, की तेच गृहस्थ बाजारातून लाकडी घरटे आणून गॅलरीत टांगतात. हे औदार्य मला मान्य नाही. जिची जागा आपणच बुजवली, तिला पेटी देणे याला दान म्हणत नाहीत.

जागतिक चिमणी दिन २०१० पासून पाळला जातो. त्यामागची कळकळ नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांची. तिला मुळीच दोष नाही. दोष आहे तो एका दिवसात ऋणमुक्त होऊ पाहणाऱ्या आपल्या वृत्तीचा.

चिमणी माणसाच्या भिंतीशी का येते? सुगरण विहिरीवरच्या बाभळीला खोपा विणते. चिमणीला ती कला नाही. तिला बहुधा आयती खबदड लागते. आमच्या सेलूकडच्या जुन्या घरांत कवेलूंखाली, आढ्यालगत अशा जागा हव्या तितक्या होत्या. सेवाग्रामची बापूकुटीही माती, बांबू नि कवेलूंचीच. पुढे स्लॅब आले, भिंती गुळगुळीत झाल्या आणि चिमणी बेघर झाली.

"मोबाइलच्या मनोऱ्यांनी चिमण्या घालवल्या," असे आपण खात्रीने सांगतो. त्याला निर्णायक पुरावा नाही; परंतु मनोरा कंपनीचा आणि स्लॅब आपला, म्हणून हा तर्क सोयीचा!

"पण कचरा पडतो हो!" असे गृहिणी म्हणतील. पडतो. खाली जुने वर्तमानपत्र अंथरावे. अंडी उबायला बारा-चौदा दिवस, पिल्ले उडायला आणखी पंधरवडा. म्हणजे सारा पाहुणचार महिन्याचा. अधिक महिन्यात जावयाचे कोडकौतुक करणाऱ्यांना तो जड का व्हावा?

आणि नुसत्या दाण्यांनीही भागत नाही. लहान पिल्लांना अळ्या-किडे लागतात. सारे अंगण फरशीखाली गाडून वाटीत तांदूळ ठेवले, तर आईचे पोट भरेल. पिल्ले उपाशीच राहतील.

तेव्हा वाचकहो, घर बांधताना भिंतीत एखादी खबदड राखा, अंगणात वीतभर माती नि एक झुडूप राहू द्या, आणि झाडू उगारण्यापूर्वी घरट्यात कोणी आहे का, ते पाहा. चिऊ-काऊची गोष्ट आपण मुलांना हौसेने सांगतो. त्या गोष्टीत दार उघडायला उशीर लावते ती चिमणी. आज दार आपल्या हाती आहे.